२५ वर्षांचे पॅनेल, ५०० वर्षांची इमारत

केंब्रिजमधल्या किंग्ज कॉलेज चॅपेलचा पाया १४४६ साली घातला गेला. २०२३ साली त्याच्या छपरावर ४३८ सौर पॅनेल बसवली गेली. छपरावरचे शिशाचे जुने पत्रे बदलायला आलेच होते, तेव्हा त्याच कामात हेही करून घ्यावे असे कॉलेजने ठरवले. ऐतिहासिक वास्तूंबाबत सल्ला देणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेने हरकती मांडल्या, दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आणि अखेर नगर परिषदेने परवानगी दिली. त्या वादाचा रोख मुख्यतः एकाच गोष्टीवर होता. पॅनेल दिसणार का? दगडी कठड्याआड किती झाकली जातील, लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत किती भरतील, उन्हात चमकतील का?

प्रार्थनास्थळांवर आणि स्मारकांवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा याच वळणावर येते. दिसत नसेल तर बसवा, दिसत असेल तर नको. समित्यांना हा निकष सोयीचा वाटतो, कारण चार छायाचित्रे पाहून निकाल लावता येतो. मला मात्र तो फार तोकडा वाटतो. एखादी गोष्ट लपवूनच ठेवायची असे ठरले, म्हणजे ती तिथली नाही हे आपण आधीच मान्य केलेले असते. आणि उघड दिसते म्हणून एखादी गोष्ट वाईट, असे आपण रंगीत काचेबद्दल, कळसाबद्दल किंवा मिनाराबद्दल कधी म्हणत नाही.

मी दुसरा निकष सुचवतो. सौर पॅनेलचे आयुष्य साधारण २५ ते ३० वर्षांचे असते. पॅनेलची वीज वापरण्याजोगी करून देणारा इन्व्हर्टर तर त्याआधीच एकदा बदलावा लागतो. आपण ज्या वास्तूंबद्दल बोलतो आहोत, त्यांचे वय शतकांत मोजले जाते. म्हणून बसवण्याच्या दिवशीच विचारावे की हे पॅनेल वीज देईनासे झाले की मागे काय उरेल? ते कौल म्हणून, काच म्हणून, सावली म्हणून, पाऊस अडवणारे छत म्हणून आपले काम करत राहणार असेल, तर त्या इमारतीत त्याची जागा हक्काची आहे, मग ते कितीही उघड दिसो. तसे नसेल, तर निदान ते उतरवताना मूळ वास्तूवर एकही ओरखडा राहता कामा नये. या दोन्हींपैकी काहीच जमत नसेल तर तिथे पॅनेल नको, वीज कितीही स्वस्त पडो.

व्हॅटिकनमधल्या पॉल सहावे सभागृहाचे छप्पर या निकषावर पुरेपूर उतरते. इटलीचे अभियंते पिएर लुइगी नेर्व्ही यांचे हे सभागृह १९७१ मध्ये पुरे झाले. त्याच्या वळणदार छपरावर नेर्व्हींनी काँक्रीटच्या फरश्यांच्या रांगा मांडल्या होत्या. छपराला सावली धरायची, हे त्या फरश्यांचे काम. काळाच्या ओघात त्या झिजल्या. २००८ मध्ये त्या काढून त्यांच्या जागी सुमारे २,४०० सौर पॅनेल आली, पण ती नेर्व्हींच्या रांगांना आणि त्यांच्या उताराला धरून. ज्या बाजूला ऊन नीट लागत नाही तिथे वीज न देणारे, नुसता प्रकाश परतवणारे फलक बसवले. त्यामुळे छपराची लय मोडली नाही. उद्या ती पॅनेल निकामी झाली तरी छपरावर सावली धरण्याचे काम ती करतच राहतील. सेंट पीटर्स चौकात उभ्या असलेल्या माणसाला हे छप्पर दिसत नाही, याचे कौतुक तेव्हा बरेच झाले. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की सेंट पीटर्सच्या घुमटावर चढून गेलेल्याला ते नीट दिसते आणि तरी खटकत नाही.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा सौंदर्याचा नसून हिशेबाचा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. चर्च आठवड्यातून काही तास भरते. मशिदीत दिवसातून पाच वेळा माणसे येतात आणि थोड्या वेळाने पांगतात. स्मारकाला तर चार दिवे पुरतात. म्हणजे ऊन भरात असते तेव्हा या इमारती बहुधा रिकाम्या असतात आणि दिवे लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मग एवढा खटाटोप कशाला? एखाद्या गोदामाच्या पत्र्यावर तीच पॅनेल कमी खर्चात बसतील आणि वीज जास्त देतील.

हे खरे आहे. केवळ विजेचा हिशेब मांडला तर गोदामच जिंकेल आणि जिंकावेही. पण प्रार्थनास्थळ ही समाजाने आपल्याला काय पवित्र वाटते ते उघडपणे सांगण्याची जागा आहे. तिथे कुठला दगड वापरला, कुठला लाकूडकाम करणारा बोलावला, प्रकाश कुठून आत घेतला, या प्रत्येक निर्णयाला अर्थ असतो. सृष्टी जपा असे आतून सांगणाऱ्या वास्तूने स्वतःची ऊर्जा कुठून घ्यायची, हाही तसाच निर्णय आहे. चर्च ऑफ इंग्लंडने २०२० मध्ये आपले निव्वळ कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरवले. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये रोमबाहेरच्या सांता मारिया दि गालेरिया इथल्या जमिनीवर, शेती सांभाळून, व्हॅटिकनला वीज पुरवणारा सौर प्रकल्प उभारण्याचे फर्मान काढले. जाकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीवर ५०० हून अधिक पॅनेल आहेत, आणि २०२२ मध्ये संसाधनांची बचत करणाऱ्या इमारतींना दिले जाणारे ‘एज’ प्रमाणपत्र मिळवणारे ते जगातले पहिले प्रार्थनास्थळ ठरले. या तिन्ही गोष्टींमागे विजेच्या बिलाहून मोठे काहीतरी आहे.

आणि रिकाम्या वेळेत तयार होणाऱ्या विजेचे काय करायचे, याचेही उत्तर आहे. ती द्यायची. मोरोक्कोत सरकारने मशिदींना सौरऊर्जेवर आणण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यात हाय अॅटलस पर्वतातल्या तदमामेत या लहानशा गावात मातीच्या विटांची नवी मशीद उभी राहिली. तिच्या छपरावरची पॅनेल मशिदीच्या गरजेपेक्षा जास्त वीज करतात आणि उरलेली वीज गावाच्या कामी येते. ज्या गावात रात्री रस्त्यावर उजेड नव्हता, तिथे तो मशिदीच्या छपरावरून आला. हिशेबाचा मुद्दा इथे उलटतो. प्रार्थनास्थळाला वीज कमी लागते हीच त्याची जमेची बाजू ठरते, कारण देण्याजोगे त्याच्याकडे बरेच उरते.

आता इमारतींच्या आकाराकडे येऊ. सौर पॅनेलचा ‘सर्जनशील वापर’ हा शब्दप्रयोग माहितीपत्रकांत सुरेख दिसतो, पण त्याची खरी कसोटी छपरावर लागते. जुन्या चर्चची वेदी परंपरेने पूर्वेकडे असते, म्हणजे इमारत पूर्व-पश्चिम लांब असते. त्यामुळे उत्तर गोलार्धात तिच्या छपराचा एक अख्खा उतार आपसूक दक्षिणेकडे तोंड करतो. सौर अभियंत्याने सांगून बांधून घ्यावे असे हे छप्पर, कित्येक शतकांपूर्वी वेगळ्याच कारणाने बांधलेले. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर कॅथेड्रलने २०१६ मध्ये आपल्या मध्य दालनाच्या छपरावर १५० पॅनेल बसवली ती याच बळावर. मशिदीचे तसे नाही. तिची दिशा मक्केकडे, म्हणजे प्रत्येक देशात वेगळी. पण तिला बहुधा सपाट गच्ची आणि कठडा असतो, आणि तो कठडा उपयोगी पडतो. घुमट मात्र सोडून द्यावा. वक्र पृष्ठभागावरच्या प्रत्येक पॅनेलला ऊन वेगळ्या कोनातून मिळते, एकाच साखळीत जोडलेल्या पॅनेलपैकी ज्याला कमी ऊन ते बाकीच्यांनाही मागे खेचते. मिनाराची, मनोऱ्याची, शिखराची सावली दिवसभर सरकत राहते, तिचेही तेच.

कोरीव शिखर असलेल्या मंदिराला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. गुजरातेतल्या मोढेऱ्याचे सूर्यमंदिर अकराव्या शतकातले आहे. २०२२ मध्ये मोढेरा हे दिवसरात्र सौरऊर्जेवर चालणारे देशातले पहिले गाव म्हणून जाहीर झाले. तिथे पॅनेल जवळच्या सुजाणपुऱ्यात जमिनीवर आहेत, गावातल्या हजाराहून अधिक घरांच्या छपरांवर आहेत, वीज साठवायला बॅटऱ्या आहेत. मंदिराच्या दगडावर काही नाही. रात्री मंदिरावर जो प्रकाश पडतो तो या सूर्याच्या विजेचा. मला हे फार योग्य वाटते. ज्या वास्तूची प्रत्येक बोटभर जागा कोरलेली आहे, तिथे पॅनेलने स्वतः दूर राहावे आणि फक्त वीज पाठवावी. यात कल्पकतेची उणीव नाही. कुठे थांबायचे हे कळणे हाही रचनेचाच भाग आहे.

नवीन इमारतीला मात्र ही सबब नाही. तिथे पॅनेल पहिल्या रेखाटनातच यायला हवे. कॅनडातल्या काचकलाकार सारा हॉल यांनी हे करून दाखवले आहे. व्हँकूव्हरच्या रीजंट कॉलेज या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत जमिनीखाली ग्रंथालय आहे आणि त्याला हवा खेळती ठेवणारा उंच मनोरा आहे. हॉल यांनी त्या मनोऱ्याच्या रंगीत काचेत सौर घट, म्हणजे उन्हापासून वीज करणारे पॅनेलचे छोटे तुकडे, बसवले. दिवसा साठवलेल्या विजेवर तो मनोरा रात्री आतून उजळतो. पुढे सॅस्काटूनच्या होली फॅमिली कॅथेड्रलसाठी त्यांनी ‘लक्स ग्लोरिया’ या खिडक्या केल्या. त्यांतली वीज शहराच्या ग्रीडमध्ये जाईल अशी त्यांची रचना होती.

या काचेपाशी थोडे थांबण्यासारखे आहे. सिलिकॉनचा सौर घट अपारदर्शक असतो. त्यातून उजेड आत येत नाही. जो उजेड येतो तो दोन घटांमधल्या फटीतून आणि मोकळ्या सोडलेल्या काचेतून. म्हणजे घट जास्त बसवावेत तर वीज वाढते आणि दालन अंधारते. घट विरळ करावेत तर रंग खुलतात आणि वीज घटते. जुन्या रंगीत खिडक्यांत काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या काळ्या पट्ट्या असत. त्या नाइलाजाच्या होत्या, पण चांगल्या कारागिराने त्यांतूनच चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या रेखल्या. सौर घटाचा गडद चौकोनही कलाकाराला तसाच वापरावा लागतो, चित्रातली एक रेघ म्हणून. शिवाय सॅस्काटून ५२ अंश उत्तरेला आहे. हिवाळ्यात तिथे सूर्य क्षितिजाजवळून सरकतो, तेव्हा उभ्या काचेवर ऊन थेट पडते आणि तिच्यावर बर्फही साचून राहत नाही. आडव्या छपरापेक्षा उभी खिडकी तिथे अनेक महिने भाव खाऊन जाते. असे घट कधीतरी थकणारच. तेव्हा जे उरेल ती एक सुंदर खिडकी असेल. माझ्या निकषाचा अर्थ याहून स्पष्ट मला सांगता येणार नाही.

जुन्या वास्तूंसाठीही असेच काही घडू लागले आहे. पॉम्पेईत, ज्वालामुखीने एका दिवसात स्मारक करून टाकलेल्या त्या शहरात, काही घरांवर जुन्या रोमन कौलांसारखी दिसणारी सौर कौले घातली आहेत. माणसाच्या डोळ्याला पृष्ठभाग मातीचा वाटतो, पण वरून येणारे ऊन त्यातून आतल्या घटापर्यंत पोचते. छप्पर तर त्या घरांना घालायचेच होते. याची किंमत मात्र मोजावी लागते. रंग दिसतो तो परतलेल्या प्रकाशामुळे, आणि परतलेल्या प्रकाशाची वीज होत नाही. म्हणून विटकरी पॅनेल काळ्या पॅनेलपेक्षा नेहमीच कमी देणार. विक्रेते हे सांगायला उत्सुक नसतात, तेव्हा विश्वस्तांनी ते विचारावे. मला स्वतःला हा तोटा मान्य आहे. काही टक्के वीज सोडून छप्पर छपरासारखे राहत असेल तर सौदा वाईट नाही.

देवाच्या घरावर यंत्र कशाला, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्या मनातली अस्वस्थता मी क्षुल्लक मानत नाही. पण हे पहिल्यांदाच घडते आहे असेही नाही. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातल्या घंटाघरावर शतकानुशतके विजा कोसळत होत्या. १७७६ मध्ये त्याच्यावर तडितरक्षक, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारी धातूची सळई, बसवला गेला. त्या काळात अशा सळयांना अनेक ठिकाणी धार्मिक कारणांवरून विरोध झाला होता. आज कुणाला ती सळई दिसतही नाही. अर्थात तुलना पुरी पडत नाही हेही मान्य करायला हवे. सळई बोटभर जाडीची असते, पॅनेल अख्खा उतार व्यापते. म्हणून तर नुसती सवय होईल या भरवशावर राहता येत नाही, त्याला इमारतीत काम द्यावे लागते.

२०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दामचे छप्पर जळाले तेव्हा नव्या छपराच्या कल्पनांचा पूर आला. त्यात वास्तुरचनाकार व्हिन्सेंट कॅलेबो यांचा प्रस्ताव वीज निर्माण करणाऱ्या काचेच्या छपराचा होता, आत भाजीपाल्याची शेती होती. अखेर ओकची लाकडे आणि शिशाचे पत्रे जसे होते तसेच पुन्हा घालायचे ठरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल उघडले. सौरऊर्जेचा पुरस्कर्ता असूनही मला तो निर्णय बरोबर वाटतो. त्या काचेच्या छपराने नोत्र दामकडून मागितले खूप होते. तिथे छप्पर हरवल्याचे दुःख ताजे होते, आणि लोकांना हवे होते ते त्यांचे हरवलेले छप्परच.

स्मारकांपाशी आपण इथूनच पोचतो, कारण तिथे दुःखाला पहिला मान असतो. मेलबर्नच्या ‘श्राइन ऑफ रिमेंब्रन्स’ या युद्धस्मारकात दर ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता छतातल्या छिद्रातून उन्हाची तिरीप आत येते आणि शिळेवर कोरलेल्या ‘प्रेम’ या शब्दावरून सरकते. १९७१ मध्ये घड्याळे उन्हाळ्यात तासभर पुढे करण्याची पद्धत आली, तेव्हा वेळ चुकू नये म्हणून आरसे लावून ती तिरीप वळवली गेली. सूर्य तिथे आधीच कामाला लावलेला आहे. अशा ठिकाणी पॅनेल बसवून काही वाढत नाही.

पण सगळी स्मृतिस्थळे अशी नसतात. बार्सिलोनाजवळचे सांता कोलोमा दे ग्रामेनेत हे दाटीवाटीचे शहर, मोकळी जमीन जवळजवळ नाही. तिथल्या दफनभूमीत मृतांना एकावर एक रचलेल्या कोनाड्यांत ठेवतात. २००८ मध्ये त्या कोनाड्यांच्या भिंतींच्या माथ्यावर ४६२ पॅनेल बसवली गेली, दक्षिणेकडे तोंड करून. सुरुवातीला लोकांना ते पटेना. नगर परिषदेने समजावण्यावर मेहनत घेतली आणि पॅनेल खालून फारशी जाणवणार नाहीत अशी मांडली. फ्रान्समधल्या साँ-जोआकिम गावाची गोष्ट याच्याही पुढची. ते दलदलीच्या प्रदेशात वसलेले आहे आणि तिथल्या दफनभूमीत पाणी शिरते. कबरींवर छत घालावे म्हणजे पावसाचे पाणी तरी वळवता येईल, असा विचार झाला, आणि छत घालायचेच तर ते सौर पॅनेलचे का नको, असा पुढचा. पाणी खेळाच्या मैदानासाठी, वीज गावकऱ्यांनी आपसांत वाटून घ्यायची, अशी योजना ठरली.

दोन्हींत मला साँ-जोआकिमचे पारडे जड वाटते. सांता कोलोमात मृतांची जागा विजेसाठी उसनी घेतली आहे, चांगल्या हेतूने आणि बऱ्यापैकी अदबीने. साँ-जोआकिममध्ये छत आधी मृतांसाठी आहे. ते त्यांना पाण्यापासून वाचवते, भेटीला आलेल्यांच्या डोक्यावर आडोसा धरते, आणि या सगळ्यानंतर वीज करते. वीज बंद पडली तरी ते छत कुणी काढा म्हणणार नाही. स्मारकाच्या बाबतीत आणखी एक अट मी कधीही सोडणार नाही, ती म्हणजे ज्यांची माणसे तिथे आहेत त्यांना आधी विचारणे. आराखडा पुरा झाल्यावर माहितीसाठी बोलावणे म्हणजे विचारणे नव्हे.

प्रत्यक्षात बिघडते ते बहुतेक वेळा क्रमामुळे. इमारत पुरी होते, वास्तुरचनाकाराचे काम संपते, मग कुणी देणगीदार पुढे येतो आणि पॅनेल बसवणाऱ्याला थेट छपरावर पाठवले जाते. तो बिचारा लोखंडी सांगाडा उभारतो, छपराला भोके पाडतो, तारा दर्शनी भिंतीवरून खाली आणतो. त्याला दुसरे काही सांगितलेलेच नसते. त्याऐवजी नव्या इमारतीत पहिल्या बैठकीलाच वास्तुरचनाकार, वीज अभियंता आणि काच किंवा कौल घडवणारा कारागीर एकत्र बसले पाहिजेत. जुन्या इमारतीत योग्य वेळ एकच, छप्पर दुरुस्तीसाठी उघडले जाते तेव्हाची. परांच्या बांधलेल्या असतात, वासे तपासले जात असतात, वजन पेलेल का हे त्याच खर्चात कळते. किंग्ज कॉलेजने साधले ते हेच, आणि म्हणून खालून काही दिसत असले तरी मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे, जोवर ती पॅनेल नव्या शिशाला धक्का न लावता उतरवता येतात तोवर. शिशाचे छप्पर एकदा घातले की शंभर वर्षे सहज टिकते. पुढच्या दुरुस्तीच्या बैठकीला आपल्यापैकी कुणी नसेल, तेव्हा ज्या ज्या विश्वस्तांच्या कार्यक्रमपत्रिकेवर यंदा छपराचा विषय आहे, त्यांनी तो पुढे ढकलण्याआधी, पॅनेल थकल्यावर मागे काय उरेल, हा प्रश्न तिथे लिहून घ्यावा.